नावेच्या सिनेमाचं शेवटचं रीळ

त्याला सगळे पेडल म्हणत. दवाखान्यात खऱ्या नावाने पुकारा झाला की तोच आजूबाजूला बघे, कोण उठतंय म्हणून. आयुष्य सायकलीवर गेलं, म्हणून पेडल. थेटरातल्या लोकांनी नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

काम सांगायला सोपं होतं. शहरात दोन थेटरं. एक टेकाडावर, एक खाली बाजारात. मालक एकच आणि सिनेमाची प्रतही एकच, कारण दुसरी मागवणं मालकाच्या जिवावर यायचं. मग वरच्या थेटरात खेळ आधी सुरू व्हायचा, खालच्यात जरा उशिरा. वर एक रीळ संपलं की ते परत गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घालायचं, डबा पेडलच्या हवाली करायचा, आणि खालचं चालू रीळ संपायच्या आत पेडलने तो खाली पोचवायचा. मग पुन्हा चढ. वर पोचेतो पुढचा डबा तयार.

उतार लोकांना सोपा वाटतो. ज्याने कॅरियरला वजन आवळून उतार केला आहे त्याला विचारा. ब्रेक दाबून दाबून अंगठे कायमचे वाकतात. चढावर मांड्या जळतात. डबा सुतळीने बांधला तर घसरतो, म्हणून पेडल जुन्या ट्यूबच्या पट्ट्या वापरायचा, आडव्या आणि उभ्या. एकदा अर्ध्या रस्त्यात साखळी तुटली तर सायकल गटाराकडेला टाकून डबा डोक्यावर घेऊन धावला. खालच्या थेटरात कोणाला पत्ताही लागला नाही. पेडलमुळे पडदा पांढरा पडला असं कधी झालं नाही. ही त्याची सगळी मिळकत होती, आणि ती तो कोणासमोर मिरवत नसे. पण कोणी ‘सायकलवरचं काम, त्यात काय’ असं म्हटलं की तो त्या माणसाशी पुढे बोलत नसे.

या कामापायी एक गंमत झाली होती. पेडलने एकही सिनेमा पुरता बघितला नव्हता. मशीनच्या केबिनमध्ये डब्याची वाट बघताना जे चार तुकडे दिसतील ते. फक्त शेवटचं रीळ त्याचं असायचं. ते खाली पोचवलं की पुढे आणायला काही उरत नसे. मग तो खालच्या थेटराच्या मागच्या दाराला टेकून, घाम पुसत ते रीळ पुरं बघायचा. असे किती तरी सिनेमांचे शेवट त्याला तोंडपाठ होते. सुरुवात एकाचीही नाही.

त्या सगळ्या शेवटांत एक शेवट त्याच्या घरात येऊन राहिला होता. सिनेमाचं नाव काहीही असो, शहर त्याला नावेचा सिनेमा म्हणायचं. नदीकाठचं घर, बाप नाव बांधणारा, आई, आणि एकुलता मुलगा. बापलेकांचं बिनसतं, मुलगा घर सोडतो. पुढे मोठं वादळ होतं, मुलगा बुडणाऱ्यांना वाचवायला पाण्यात शिरतो आणि दिसेनासा होतो. आई काठावर बसून राहते. सगळं थेटर रडत असताना शेवटचं रीळ लागायचं. रात्रीची वेळ, पाऊस, दारावर थाप. दारात मुलगा उभा, नखशिखांत भिजलेला. आई दिवा उचलून त्याचं तोंड बघते आणि समाप्त. लोक उभं राहून टाळ्या वाजवायचे. हा सिनेमा महिनोन्‌महिने हलला नाही. पेडलची बायको तेव्हा खालच्या बाजारातली मुलगी होती. तो दाराला टेकलेला, ती मागच्या रांगेत डोळे पुसत, अशी त्यांची पहिली नजरानजर. पुढचं सगळं त्यातून झालं.

थेटरं बंद पडली. पेडल गोदामात पोती वाहायला लागला आणि पाठ बोलायला लागेपर्यंत वाहत राहिला. निवृत्त व्हायच्या आधी साहेबांच्या हातापाया पडून त्याने धाकट्या मुलाला तिथे चिकटवून दिलं. धाकटा आठवडाभर गेला आणि मग म्हणाला की मला हे जमणार नाही, मला लाकडात काम करायचंय. पेडल जेवत होता. तो म्हणाला की कामाला भिणाऱ्या माणसाला या घरात ताट नाही. धाकट्याने हातातला घास ताटात ठेवला, हात धुतले आणि गेला. तो सकाळच्या गाडीने अर्ध्या दिवसावर असलेल्या गावात सुतारखान्यात लागला. थोरल्या बहिणीला फोन करायचा. आईशी बोलायचा. बापाचं नाव निघालं की दोन्हीकडे गप्प. याला आता वर्षं झाली होती.

बायकोने कधी तक्रार केली नाही. ती फक्त रोज दिवेलागणीला दाराबाहेरचा दिवा लावायची. शेजारणीने एकदा विचारलं, एवढं बिल कशाला वाढवता. ती म्हणाली, नावेच्या सिनेमात नाही का, वाट बघितली की येतं माणूस. पेडल आतून ऐकत होता. त्याला ते पटलं होतं. शेवट त्याच्या डोळ्यांसमोरचा होता, ऐकीव नव्हता.

मग तिच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची. घरी आल्यावर ती खिडकीशी बसली आणि म्हणाली, “अहो, दिसतंय तोवर एकदा नावेचा सिनेमा बघायचाय मला.”

उभ्या संसारात तिने त्याच्याकडे मागितलेल्या गोष्टी बोटांवर मोजण्यासारख्या. पेडल त्याच दिवशी कामाला लागला.

थोरली प्रयोगशाळेत रक्त तपासायची, दोन गल्ल्या सोडून राहायची. तिने फोनवर शोधलं. महिन्याचे पैसे भरून सिनेमे दाखवणाऱ्या कंपन्या होत्या, एक सोडून दहा. पेडलला वाटलं, एवढे लोक आहेत म्हणजे एकाकडे तरी असेलच. एकाकडेही नव्हता. शेवटी एका ठिकाणी सापडला, पण तिथे महिन्याचा हिशेब नव्हता. एकेक सिनेमा भाड्याने. एकदा सुरू केला की तीन दिवस, मग बंद.

“भाड्याने,” पेडल म्हणाला. “आणि परत नेऊन कुठे द्यायचा?”

“द्यायचा नसतो बाबा. तो आपोआप जातो.”

पेडलने तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती.

घरचा टीव्ही जुना, त्याच्यात हे काही चालणारं नव्हतं. म्हणून दोघं दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलीने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक बोटाएवढी काडी, टीव्हीच्या मागे खोचायची. दुसरा चपटा डबा, वायरीने जोडायचा. काम दोन्ही तेच करतात, ती म्हणाली, काडी सुटसुटीत आणि स्वस्त. पेडलने काडी तळहातावर घेतली, वर-खाली करून वजन बघितलं. वजन नव्हतंच. सिगारेटचं रिकामं पाकीट जास्त भरलं असतं.

“यात किती रिळं मावतात?”

“एकही नाही काका. सिनेमा यात नसतो, बाहेरून येतो.”

“आणतो कोण?”

“कोणीच नाही.”

पेडलने काडी काउंटरवर ठेवली. त्याने थोरलीकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, मग काचेतून बाहेर रस्त्याकडे बघितलं. कोणीच नाही म्हणजे काय? त्याच्या मांड्या, साखळी, ट्यूबच्या पट्ट्या, डोक्यावरचा डबा, त्या सगळ्याच्या जागी कोणी दुसरा माणूस आला असता तर त्याला समजलं असतं. मोटार आली असती तरी समजलं असतं. पण कोणीच नाही हे त्याच्या डोक्यात शिरेना. त्याला गरगरल्यासारखं झालं. मुलीने स्टूल पुढे सरकवलं. काका, पाणी देऊ का, असंही विचारलं. थोरली म्हणाली, त्यांना काही झालेलं नाही, त्यांची नोकरी गेली आत्ता. मुलीला काही कळलं नाही.

काडीच घेतली.

थोरलीने ती खोचली, घरच्या इंटरनेटला जोडली, आपल्या कार्डाने सिनेमाचं भाडं भरलं आणि रिमोट बापाच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बघायचं ठरलं. बायकोने शेजारणीला सांगूनही टाकलं. पण पेडलची एक रीत होती. डबा उघडून बघितल्याशिवाय तो कधी सायकलला बांधत नसे. त्यामुळे दुपारी थोरली आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली तेव्हा त्याने दाराला कडी लावली आणि सिनेमा सुरू केला. ऐन वेळी काही बिघडायला नको.

त्याने जन्मात पहिल्यांदा एक सिनेमा पहिल्यापासून बघितला. बापलेकांचं भांडण कशावरून झालं हे त्याला इतक्या वर्षांनी कळलं. मुलाला नाव बांधायची नव्हती, चालवायची होती. एवढंच. बाप तोंडातून नको तो शब्द काढतो आणि अंगणातल्या उपड्या नावेवर जाऊन बसतो. पेडल जरा चुळबुळला. पुढे मुलगा जातो, आई दिवा लावते, दिवस जातात. मग रात्र, पाऊस, दारावर थाप. दारात मुलगा. आई दिवा उचलते.

पेडल ताठ बसला. हे आत्ताच कसं आलं? वादळ कुठे आहे?

पडद्यावर समाप्त आलं नाही. सकाळ झाली. आईने मुलाला जेवायला वाढलं, मुलगा हसला आणि नदीकडे बघत उभा राहिला. मग वादळ आलं. मुलगा पाण्यात शिरला, दिसेनासा झाला. आई काठावर जाऊन बसली. नदी शांत झाली. तिच्या मांडीवर मुलाची चप्पल होती. मग अक्षरं आली, समाप्त. मग पडदा आपोआप बदलला आणि दुसऱ्या सिनेमांची रंगीत चित्रं रांगेने उभी राहिली, काही झालंच नाही अशी.

पेडल बसला होता तिथेच बसून राहिला. 

पहिला विचार त्याला जो येणार तोच आला. डबे उलटे लागले. कोणीतरी गाढवाने आधीचं रीळ नंतर आणि नंतरचं आधी लावलं. आणणारा कोणी ठेवला नाही की हे असं होणारच. त्याने पडद्यावर दिलेल्या नंबरला फोन लावला आणि तुमची शेवटची दोन रिळं उलटी लागली आहेत, उद्या संध्याकाळच्या आत सरळ करा, असं नीट समजावून सांगितलं. पलीकडची बाई फार गोड बोलली. रीळ म्हणजे काय हे तिला कळत नव्हतं. सिनेमा आहे तसाच आहे, बनवणाऱ्यांनी दिला तसाच आम्ही ठेवतो, इतकं मात्र तिने तीन-तीनदा सांगितलं.

पेडलने चपला घातल्या आणि चढ चढायला लागला. पायी.

वरच्या थेटराची आता गाड्या ठेवायची जागा झाली होती. तिथलं मशीन चालवणारा ऑपरेटर मात्र मागच्या दोन खोल्यांत अजून राहत होता. कान गेले होते, जीभ शाबूत होती. तो पंखा उघडून त्याला तेल देत बसला होता. पेडलने धाप टाकत सगळं सांगितलं. ऑपरेटर ऐकता ऐकता हसायला लागला, आणि त्याचं हसणं थांबेना.

“अरे लेका, सिनेमा तसाच आहे. उलटा आपला होता.”

मग त्याने जे सांगितलं ते असं. पहिल्या दिवशी प्रत उशिरा आली, म्हणून फक्त वरच्या थेटरात खेळ झाला. पेडलला त्या दिवशी सुट्टी होती. खेळ सुटला तेव्हा लोक एकमेकांशी न बोलता बाहेर पडले. पान खायलाही कोणी थांबलं नाही. मालक दारात उभा होता. तो केबिनमध्ये आला आणि म्हणाला, हा सिनेमा परवा उतरेल, पोरगा मेला तर बघायला येतंय कोण? ऑपरेटरच्या डोक्यात आलं की दाराचं रीळ शेवटी लावलं तर पोरगा जगतो. पाऊस होताच, पोरगा भिजलेला होताच. त्याने दाराच्या रिळातला सकाळचा तुकडा कापला, वादळाच्या रिळाची समाप्तची पट्टी कापून तिथे चिकटवली आणि झाकणांवरचे आकडे रंगाने बदलले.

“वादळात काळा सदरा होता त्याच्या अंगात,” ऑपरेटर म्हणाला, “आणि दारात पांढरा. एका माईच्या लालाने विचारलं नाही. लोक म्हणायचे, पलीकडच्या काठाला कोणीतरी दिला असेल.”

“आणि मला?” पेडल म्हणाला. “मला का नाही सांगितलंस?”

“तुला? तू नंबरानेच आणले असतेस. तुझ्याशी कोण डोकं फोडणार होतं? म्हणून तर आकडे बदलले. ती रंगरंगोटी फक्त तुझ्यासाठी.”

पेडल उभा होता तो खाली बसला. एवढी वर्षं एकच गोष्ट त्याने जपली होती. रीळ चुकलं नाही, रीळ उशिरा झालं नाही. आणि महिनोन्‌महिने तो खेळामागून खेळ उलटा डबा घेऊन ऊर फुटेस्तोवर धावत होता. सगळ्या शहराला त्याने तो मुलगा परत आणून दिला होता, जो पाण्यातून परत आलाच नव्हता. बायकोलाही. ऑपरेटरने पंखा बाजूला ठेवला. त्याचं हसू आता ओसरलं होतं. वाईट काय झालं त्यात, असं तो म्हणाला. पेडल उठला आणि टेकाड उतरायला लागला.  

आता काय करायचं? सिनेमा बिघडला म्हणून सांगावं, तर थोरली दोन मिनिटांत चालू करून दाखवणार. आणि बायकोला तो हवाच होता. तिने डॉक्टरकडून येताना डोळ्यांत घालायचं औषध आणलं होतं, आणि उद्या सिनेमाच्या आधी घालू की नंतर, एवढंच तिला विचारायचं होतं. उरलेल्या नजरेने तिने काय बघायचं? पोराची चप्पल मांडीवर घेऊन बसलेली आई?

दुसऱ्या दिवशी पेडलने रिमोट घेऊन कोपऱ्यात सराव सुरू केला. ठरवलं होतं की डबे आपणच बदलायचे. दारावर थाप पडायच्या आधी पुढे उडी मारायची, वादळ दाखवायचं, समाप्तच्या आत मागे यायचं, थाप, दिवा, आणि तिथे बंद. पण काडीच्या रिमोटवर बटणं नव्हतीच, एक गुळगुळीत चकती होती. त्याचा वाकडा अंगठा नुसता टेकला तरी सिनेमा नको तिथे पळायचा. एकदा तर मुलगा बुडता बुडता पाळण्यात जाऊन पोचला. पेडलने काडी टीव्हीमागून उपटली, खोक्यात घातली आणि थोरलीला न सांगता दुकान गाठलं.

काउंटरवरच्या मुलीने त्याला ओळखलं. काय बिघडलं, तिने विचारलं. काही बिघडलं नाही, तो दुसरा डबा दाखवा, आणि त्याचा रिमोट हातात द्या. तिने भल्यामोठ्या टीव्हीवर तो लावला आणि चित्र किती स्वच्छ येतं ते सांगायला लागली. पेडल चित्राकडे बघतच नव्हता. डोळे मिटून तो अंगठ्याने बटणं चाचपत होता. बटणं वर आलेली होती, रबराची, एकमेकांपासून सुटी. एका दाबात किती पुढे जातं, सोडलं की किती घसरतं, थांबवलं की लगेच थांबतं का, हे त्याने विचारलं. मुलगी म्हणाली, सगळे ग्राहक रंग विचारतात, आवाज विचारतात, तुम्ही ब्रेक विचारताय. मग तिने दाखवलं की या रिमोटवर आकडे दाबले की सिनेमा थेट त्या मिनिटाला जातो. पेडलने तिला ते पुन्हा करून दाखवायला लावलं. मग स्वतः केलं. मागे माणसं खोळंबली तरी तो हलला नाही. हात बसेपर्यंत काम सोडायचं नाही हे त्याला आयुष्याने शिकवलं होतं. वरचा फरक भरून त्याने डबा घेतला, घरी स्वतः जोडला, आणि भाड्याचा सिनेमा त्यातही उघडतो हे बघून मगच पाणी प्यायला.

संध्याकाळी थोरली कामावरून आली. डबा बघून तिच्या कपाळाला आठी पडली, पण बापाचा चेहरा बघून तिने विचारलं नाही. बायको पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची घेऊन बसली. बाजूचं तिला आता नीट दिसत नसे, समोरचं दिसे. बाहेरचा दिवा तिने आधीच लावून ठेवला होता.

सिनेमा सुरू झाला. बायको सगळं आधीच सांगत होती, आता तो दोर टाकणार, आता आई हाक मारणार. पेडलचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मागे स्टुलावर रिमोट धरून बसला होता, वरून डबा यायची वेळ झाली की खालच्या केबिनमधली माणसं बसायची तसा. पडद्यावर आईचा दिवा पेटला. पाऊस सुरू झाला. थाप पडायच्या आत त्याने पडदा थांबवला.

“काय झालं?” थोरली म्हणाली.

“रीळ यायचंय. जरा दम धरा.”

बायको हसली. पेडलने आकडे दाबले. वादळ आलं. अंगठा चुकला नाही. मुलगा पाण्यात शिरला, आई काठावर बसली, नदी शांत झाली, आणि अक्षरं यायच्या आत पेडलने पुन्हा पडदा थांबवला, पुन्हा आकडे दाबले. पाऊस, थाप, दार. मुलगा दारात, पांढऱ्या सदऱ्यात. आईने दिवा उचलला. पेडलने बटण दाबलं आणि पडदा काळा झाला.

थोरली डोळे पुसत होती.  पोचलं रीळ, असं पेडलला वाटलं. बायको पडद्याकडेच बघत होती, काळ्या पडद्याकडे. मग तशीच, मान न वळवता ती म्हणाली, “समाप्तची पट्टी नाही लावलीत?”

पेडलला कळेना ती काय विचारतेय.

“ऑपरेटरने लावली होती,” ती म्हणाली. “आत्याबरोबर मी पहिल्या दिवशी वरच्या थेटरात गेले होते. पोर बुडलं होतं तेव्हा. मी दोन दिवस जेवले नाही. मग सगळं शहर म्हणायला लागलं की पोर येतं परत, म्हणून खाली बघायला आले. आणि आलं की.”

 रिमोट पेडलच्या मांडीवरून घसरून जमिनीवर पडला. तो उचलायलाही तो वाकला नाही. म्हणजे ज्या दिवशी ती मागच्या रांगेत रडत होती आणि त्याने तिला पहिल्यांदा बघितलं, त्या दिवशी तिला ठाऊक होतं. लग्नाच्या दिवशी ठाऊक होतं. रोज दिवा लावताना ठाऊक होतं.

“मग तू त्या सिनेमाच्या जिवावर वाट कशी बघत होतीस?” तो कसाबसा म्हणाला.

“मला दोन्ही ठाऊक होते. एक धरला. आज मात्र खराच बघायचा होता मला. डोळे आहेत तोवर, खोटं धरून बसायला नको म्हणून.”  तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे पुढचं जास्त लागलं. “पण इतक्या वर्षांत एक गोष्ट सारखी मनात यायची. रिळं सरळ लावा नाही तर उलटी लावा, तो बाप काही त्या उपड्या नावेवरून उठत नाही. पोर आलं तर बसलाय, पोर गेलं तर बसलाय.”

 थोरली जमिनीकडे बघत होती.   आयुष्यभर पेडल टेकाड चढला आणि उतरला, अनोळखी माणसांसाठी, पडदा पांढरा पडू नये म्हणून. सकाळच्या गाडीचं अर्ध्या दिवसाचं अंतर, बसल्या बसल्या जायचं, एक पेडल मारायचं नाही, आणि तेवढं त्याच्याने झालं नव्हतं. कामाला भिणारा म्हणून पोराला त्याने हाकललं होतं.

तो उठला. पलंगाखाली वाकून त्याने बाहेर जायचे बूट ओढून काढले. त्यांच्यावर धूळ होती. ती तो फडक्याने पुसत राहिला, पुसून झाली तरी.

“सुतारखाना कुठे आहे?” त्याने थोरलीला विचारलं.

तिने फोन काढला, पाठवते म्हणाली. पाठवू नको, तोंडी सांग, तो म्हणाला. तिने सांगितलं. गाडी कुठे थांबते, कोणत्या बाजूला वळायचं, पाण्याच्या टाकीपासून पुढे किती. त्याने एकदा म्हणून दाखवलं, पत्ता चुकला नव्हता.

“येईल का तो?” त्याने विचारलं. थोरलीने खांदे उडवले. तिला खरंच माहीत नव्हतं.

बायको खुर्चीवरून उठली, चाचपत जमिनीवरचा रिमोट उचलला आणि टीव्हीशेजारी ठेवला. “परवा दुपारपर्यंत तरी आहे ना भाड्याचा?”

“आहे,” थोरली म्हणाली.

“मग त्याच्या आत आणा. चौघं बसून सरळ बघू. बुडला तरी बघू.”

पेडलने बुटाची नाडी ओढली. जुन्या सवयीने उत्तर आधीच तोंडात आलं होतं. “माझं रीळ उशिरा पोचलंय का कधी?”

“हे एक,” बायको म्हणाली.

त्याने मान हलवली आणि दुसऱ्या बुटाला हात घातला. गाडी सकाळी होती. पण बूट घालून चार पावलं टाकून बघणं जरूर होतं. वापरात नसलेलं चामडं चावतं, आणि ऐन रस्त्यात त्याला लंगडायचं नव्हतं.